केस का गळतात, हे आधी विचारूया



दिवाळीचा फराळ संपत आला की दरवर्षी मला दोन-तीन फोन हमखास येतात. विषय एकच. "अगं, केस फार गळायला लागलेत. कंगवा फिरवला की गुंता निघतो. तू कोणतं तेल लावतेस?"

मी डॉक्टर नाही. घर सांभाळून चार ओळी लिहिणारी बाई आहे. पण केस गळण्याचा हा प्रश्न आमच्या एका घरात तिघींना आला, तिघींना वेगवेगळ्या कारणांनी आला, आणि तिन्ही वेळा आम्ही चुकलो. कुणाच्या बाबतीत वेळ गेला, कुणाच्या बाबतीत पैसे गेले आणि एकीच्या बाबतीत माझ्याकडून खोटेपणा झाला. म्हणून आज मनातलं स्पष्ट लिहिते.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. कोणतं तेल लावू, हा नंतरचा प्रश्न. केस कशा तऱ्हेने जातायत आणि का जातायत, हा पहिला प्रश्न. आपण तो विचारत नाही, कारण केस जाणं ही आपल्याला लाज वाटते. आणि लाज वाटली की आपण झाकतो, टोमणे मारतो, नाहीतर वैराग्याचा उपदेश करतो. तपासायला मात्र जात नाही.

माझी अठाई आणि न्हाणीघराची जाळी

चार वर्षांपूर्वी पर्युषणात मी पहिल्यांदा अठाई केली. महासतीजींच्या मुखातून पच्चक्खाण घेतले, आठ दिवस गरम पाण्यावर काढले, पारणं झालं, माहेरची माणसं आली, सगळं छान पार पडलं. नवरात्र झाली, दिवाळीची साफसफाई झाली आणि एके दिवशी न्हाणीघराच्या जाळीत पाणी तुंबलं. बघते तर केसांचा बोळा. उशीवर केस, पोळीच्या कणकेत केस. घरचे जेवताना ताटाकडे बघायला लागले तेव्हा मला रडू आलं.

मग कारणं शोधणं सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, तपस्येच्या मिरवणुकीत नजर लागली. शेजारच्या भाभी म्हणाल्या, बोअरचं पाणी जड आहे. एक ओळखीच्या बाई तर हसत म्हणाल्या, "कर्म झडत होती, त्याबरोबर केसही झडले." मी शाम्पू बदलला, तीन तेलं आणली, गच्चीत बसून मेंदी लावली. दीड महिना गेला.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी तेल-शाम्पूबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

मला तो प्रश्नच कळेना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. त्यातले 85 ते 90 टक्के वाढत असतात आणि उरलेले विश्रांतीत असतात. वाढणारा केस काही वर्षं वाढतो, महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर. मग तो थांबतो, दोन-तीन महिने मुळात नुसता बसून राहतो आणि गळतो. त्या जागी नवा येतो. म्हणून रोज 50 ते 100 केस गळणं हे झाडाची पिकली पानं गळण्यासारखं आहे. आठवड्यातून दोनदाच न्हाणारीला न्हाण्याच्या दिवशी जास्त दिसतात, एवढंच.

शरीरावर मोठा ताण आला की एकाच वेळी खूप केस वाढायचे थांबतात आणि विश्रांतीत जातात. बाळंतपण, टायफॉइड किंवा डेंग्यूसारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया, झपाट्याने कमी केलेलं वजन, घरातला मृत्यू, आणि हो, लांबलचक उपवास. पण हे केस लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे आपण ते कारण विसरून गेल्यावर गळतात. भाद्रपदातल्या उपवासाचा हिशेब कार्तिकात लागतो, असं त्या म्हणाल्या. मला दिवाळीनंतर येणाऱ्या फोनांचं कोडं तेव्हा सुटलं.

या प्रकारात केस सगळ्या डोक्यावरून विरळ होतात, टक्कल पडत नाही. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीकसा पांढरा गोळा दिसतो. आपण घाबरतो, की मूळच उपटून आलं. तसं नसतं. मूळ आतच असतं. कारण दूर झालं की बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आत गळणं थांबतं आणि केस परत येतात. बाळंतिणीचे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जातात, ते याच प्रकारचे. त्यासाठी तिला "बाळानं हसून केस खाल्ले" असं सांगून घाबरवण्यापेक्षा "येतील परत" एवढं सांगितलं तरी पुरे.

माझी गोष्ट इथे संपली नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.2 निघालं, शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला आणि बी-12 कमी. हे काही आठ दिवसांत झालेलं नव्हतं. मी कमतरता घेऊनच अठाईला बसले होते.

तपाला दोष नको, तपासणी हवी

इथे काही वडीलधाऱ्या माझ्यावर रागावतील. आधीच हात जोडते. मी तपाच्या विरोधात लिहीत नाहीये. अठाई, वर्षीतप, मासखमण करणाऱ्यांपुढे मी मान झुकवते. पण तप शक्तीनुसार करावं असं आपलेच गुरू सांगतात. मग शक्ती किती आहे, हे मोजायला लाज कसली?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21 च्या पाचव्या फेरीत, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे स्थानकात सामायिकाला शेजारी-शेजारी बसलेल्या आपण दोघी असू, तर एकीचं रक्त कमी असण्याची दाट शक्यता. लोहासोबत बी-12 चा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. ते आपल्याला फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं. आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस दूध-दही बंद. एखादीने दूध कायमचंच सोडलेलं असतं. तिने बी-12 ची गोळी घ्यायलाच हवी, कारण पालेभाजी किंवा डाळ ती उणीव भरून काढू शकत नाही.

शिवाय आपली रोजची सवय बघा. सकाळी नवकारसी होईपर्यंत पाणीही नाही, मग चहा. सगळ्यांचे डबे. दुपारी उरलेली पोळी-भाजी, वरण कमीच, कारण ते मुलांना आवडतं. जेवणावर पुन्हा चहा, जो लोह अंगी लागू देत नाही. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घाईघाईत दोन घास. यात रात्री न जेवण्याचा काहीच दोष नाही. दोन वेळच्या जेवणात ताटात काय पडलं, याचा आहे. केस हा प्रथिनांचाच बनलेला असतो. अंगाला प्रथिनं कमी पडली की शरीर आधी हृदय, मेंदू सांभाळतं, केसांचं बघतं सगळ्यात शेवटी. मूग, मटकी, हरभरा, दाणे, दूध हे तुमच्या स्वतःच्या ताटात रोज हवं. जेवणात लिंबू पिळलं की लोह चांगलं अंगी लागतं. तिथीला हिरवं चालत नसेल, तर बाकीच्या दिवशी पिळा. आपल्या आज्या बाळंतिणीला अळिवाचे लाडू खायला घालायच्या, ते उगीच नाही. अळिवात लोह भरपूर असतं. पण हिमोग्लोबिन 9 वर आलं असेल, तर नुसते लाडू पुरत नाहीत. गोळी घ्यावी लागते, काही महिने घ्यावी लागते.

म्हणून माझा आग्रह असा, की मोठ्या तपस्येचा विचार असेल तर पच्चक्खाण घेण्याच्या दोन-तीन महिने आधी रक्त तपासावं. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी-12, थायरॉइड. कमी असेल तर भरून काढावं आणि मग निश्चिंत मनाने बसावं. साखर, किडनी, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसूच नये. आणि घरातल्यांनीही सुनेला "जाऊबाईंनी केली, तू कधी करणार?" असं विचारू नये. तप हे स्वतःच्या भावनेनं करायचं असतं. शर्यतीनं केलेल्या तपात कर्म किती झडतात ते केवली जाणोत, केस मात्र झडतात.

सासूबाईंचा भांग

माझं निदान झालं, तेव्हा डॉक्टरांनी सोबत आलेल्या सासूबाईंकडे बघून हळूच विचारलं, "आजी, तुमचा भांग कधीपासून रुंद होतोय?"

सासूबाई 68 वर्षांच्या. गेली वीस वर्षं त्यांचा पदर डोक्यावरून खाली आलेला मी पाहिला नव्हता. मला वाटायचं, जुन्या वळणाच्या आहेत. खरं कारण वेगळं होतं. त्या रोज भांगात काजळ भरायच्या, म्हणजे डोक्याची कातडी दिसू नये. उन्हाळ्यात घामाने काजळ उतरायचं, पदराला डाग पडायचे आणि तो पदर त्या स्वतः, कुणी उठायच्या आत, धुऊन टाकायच्या. व्याख्यानाला त्या नेहमी मागे, खांबाच्या आडोशाला बसायच्या. खांबाचा टेका लागतो म्हणायच्या. समोर बसलं की वरच्या ट्यूबलाइटचा उजेड डोक्यावर पडायचा, हे कारण मला इतक्या वर्षांनी कळलं.

हा दुसरा प्रकार. याला आनुवंशिक केस विरळ होणं म्हणतात. पुरुषांना कपाळावरून टक्कल पडत मागे जातं. बायकांना तसं होत नाही. कपाळावरची केसांची कड बहुधा राहते आणि मधला भांग रुंद होत जातो. हा प्रकार आईकडून येऊ शकतो, वडिलांकडूनही येऊ शकतो. पाळी जाण्याच्या सुमाराला जास्त दिसतो. यात केसांचा बोळा हातात येत नाही. प्रत्येक केस दर खेपेला आधीपेक्षा बारीक, आखूड येतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तरुण मुलीचा भांग असा रुंद होत असेल, आणि पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन पीसीओएसची तपासणी करावी.

हा प्रकार आपला आपण थांबत नाही, वाढत जातो. त्यामुळे लवकर गेलेलं बरं. यावर मिनॉक्सिडिल नावाचं डोक्याला लावायचं औषध आहे. त्याचा गुण दिसायला चार-सहा महिने लागतात, सुरुवातीला गळणं थोडं वाढल्यासारखं वाटतं, आणि बंद केलं की आलेले केस पुन्हा जातात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने ते लावू नये. डॉक्टरांना विचारूनच वापरावं. डॉक्टर सासूबाईंना म्हणाल्या, "पंधरा वर्षांपूर्वी आला असता तर पुष्कळ राखता आले असते. आता आहेत ते टिकवू."

रिक्षात बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही गं, की याला काही नाव असतं. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट आहे." वीस वर्षं एका घरात राहून मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

पुतणीची चाई, आणि माझी माया

आता तिसरी गोष्ट. ही लिहिताना माझा हात अडखळतो.

मोठ्या जाऊबाईंची मुलगी 26 वर्षांची, शिकलेली, नोकरी करणारी. एके दिवशी वेणी घालताना तिच्या कानामागे रुपयाच्या नाण्याएवढा गुळगुळीत गोल दिसला. चाई. पंधरा दिवसांत दुसरा गोल उठला.

घरात कुणी म्हणालं, कीड लागली. कुणी म्हणालं, कुणाचा तरी कंगवा वापरला असेल. कुणी सांगितलं, लसूण चोळा, कांद्याचा रस लावा. आमच्या घरात कांदा-लसूण आत येत नाही. तरी जाऊबाईंनी लसूण कागदात बांधून आणला आणि मागच्या अंगणात ठेचून पोरीच्या डोक्याला चोळला. कातडी भाजल्यासारखी लाल झाली, पाणी सुटलं, ती दोन रात्री झोपली नाही. कांद्याच्या रसावर 2002 साली बगदादच्या डॉक्टरांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता, अवघ्या 38 रुग्णांवरचा. तेवढ्या बळावर घरोघरी डोकी चोळणं बरोबर नाही. मुळात थोडेच गोल असतील तर पुष्कळ जणांचे केस वर्षभरात आपोआपच परत येतात. मग शेवटी जे काही लावलेलं असतं, त्यालाच गुण मिळतो.

चाई म्हणजे कीड नाही. आपल्या शरीरातली रोगाशी लढणारी फौज चुकून केसांच्या मुळांवरच चालून जाते, तेव्हा असे गोल पडतात. ती कुणाकडून कुणाला लागत नाही. कंगव्याने लागत नाही, जवळ बसल्याने लागत नाही. काही जणांना सोबत थायरॉइडचा त्रास असतो, म्हणून तो तपासतात. डॉक्टर त्या जागी स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात. येणारे केस बऱ्याचदा आधी पांढरे येतात, मग काळे होतात.

हे सगळं आम्हाला कळायच्या आत तिला बघायला पाहुणे येणार असल्याचं ठरलं. मी आणि जाऊबाईंनी मिळून तिचा भांग बदलला, गंगावन लावलं, वर गजरा माळला. आरशासमोर बसलेली ती मला म्हणाली, "काकी, सांगून टाकू या ना."

मी म्हणाले, "एकदा जमू दे. मग बघू."

मैत्रिणींनो, क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय मी पाठशाळेत मुलांना शिकवते. माया म्हणजे कपट, हेही शिकवते. त्या दिवशी तीच माया मी माझ्या हातांनी, पिना लावून, दुसऱ्याच्या लेकीच्या डोक्यावर बसवली.

पोरगी आमच्यापेक्षा खरी निघाली. दोघं बोलायला आतल्या खोलीत गेली तेव्हा तिने त्या मुलाला सगळं सांगितलं. आठ दिवसांनी निरोप आला, "मुलगा इतक्यात तयार नाही." जाऊबाई महिनाभर तिच्याशी धड बोलल्या नाहीत. ती मात्र म्हणाली, "नाहीतर मी आयुष्यभर गंगावन लावून झोपायचं का?"

तिचे केस आले. पुढच्या वर्षी नवीन गोल पडला, तोही भरतोय. पुन्हा पडणार नाही असं कुणी सांगू शकत नाही. ती केस तसेच बांधून ऑफिसला जाते. लग्न अजून जमलेलं नाही.

यावर माझं मत असं. चाई असलेली मुलगी आजारी नसते, तिच्या संसाराला त्याने काही कमी पडत नाही. ही गोष्ट कुणाला, कधी सांगायची हे तिनं ठरवावं. पण तिच्या वतीने खोटं बोलण्याचा हक्क आई-काकींना नाही. आणि पलीकडच्या सोफ्यावर बसून मुलीचे केस न्याहाळणाऱ्याही आपणच बायका असतो. माझा मुलगा 24 वर्षांचा आहे. दोन-तीन वर्षांत मी त्या सोफ्यावर बसेन. तेव्हा मी कशी वागते, हे तुम्ही मला विचारायचं.

आणखी काही प्रकार, ओळख असावी म्हणून

घट्ट बांधल्याने जाणारे केस: कानशिलं आणि कपाळाच्या कडेचे केस ओढ बसून जातात. शाळेतल्या ताणून बांधलेल्या वेण्या, रोजची घट्ट पोनीटेल, वजनदार गंगावन. सुरुवातीला सैल बांधलं की परत येतात. वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मुळं कायमची जातात.

लहान मुलांच्या डोक्यातला नायटा: खाज, कोंड्यासारखे पापुद्रे आणि मध्येच तुटलेले केस. हा मात्र लागतो. घरातल्यांचे कंगवे, टॉवेल वेगळे ठेवावेत. नुसत्या मलमाने जात नाही, पोटात औषध घ्यावं लागतं.

व्रण करून जाणारे केस: डोक्याची आग होते, दुखतं, लाली येते आणि नंतर तिथली कातडी चकचकीत, छिद्र नसल्यासारखी दिसते. यात गेलेला केस परत येत नाही. इथे एक आठवडाही तेल लावत बसू नका. लगेच दाखवा.

कॅन्सरच्या औषधांनी जाणारे केस: केमोथेरपी सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत जातात आणि उपचार संपल्यावर बहुतेक वेळा परत येतात. अशी बाई स्थानकात आली तर तिच्या डोक्याकडे न बघता तिच्या शेजारी जाऊन बसा.

आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खात असाल, तर रक्त तपासायच्या आधी डॉक्टरांना सांगा. त्याने थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 सालीच तसा इशारा दिला आहे.

कारण न बघता दोष देण्याची सवय किती खोल आहे, हे आपण अलीकडेच पाहिलं. 2024 च्या डिसेंबरात आणि 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात, शेगावकडच्या गावांत, माणसांचे केस काही दिवसांत गेले आणि टक्कल पडलं. सुरुवातीला कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला. पुढे विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लोकांचं रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासला, आणि रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तोपर्यंत मुली कॉलेजला जायला लाजतात, लग्नं अडतात, अशा बातम्या येऊन गेल्या होत्या. म्हणजे पोळी खाल्ली म्हणून केस गेले, आणि मान खाली घातली मुलींनी.

चंदनबाळा

आपल्यापैकी कितीतरी जणी चंदनबाळेचा तेला करतात, उडदाच्या बाकळ्यांनी पारणं करतात. ती कथा या वर्षी मी वेगळ्या कानांनी ऐकली.

धनावह शेठचे पाय धुताना चंदनबाळेचे लांब केस सुटून खाली आले. चिखलात भरू नयेत म्हणून शेठने बापाच्या मायेने ते उचलून वर धरले. मूलेने ते पाहिलं आणि तिच्या मनात विष कालवलं गेलं. शेठ घरी नसताना तिने चंदनबाळेचं मुंडन करवलं, बेड्या घातल्या, कोंडून ठेवलं. पुढे भगवान महावीरांचा अभिग्रह तिच्या हातून पूर्ण झाला. आणि नंतर तीच चंदनबाळा दीक्षा घेऊन, लोच करून, 36 हजार साध्वींची प्रमुख झाली.

एकाच डोक्यावरचे केस दोनदा गेले. पहिल्यांदा दुसरीच्या मत्सराने, दुसऱ्यांदा स्वतःच्या इच्छेने. कथा दोन्हींना एकच मोल देत नाही. पहिल्याला ती अत्याचार म्हणते, दुसऱ्याला त्याग.

महासतीजींचा लोच मी जवळून पाहिला आहे. राख लावून, चिमटी-चिमटीने केस उपटले जातात, डोळ्यांत पाणी येतं, पण चेहऱ्यावर समता असते. तो लोच त्यांनी जाणून, समजून स्वीकारलेला असतो. म्हणून केस गेलेल्या मुलीला "शरीराचा मोह कशाला? साध्वीजींकडे बघ" असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा मला ते पटत नाही. जे आपण सोडलेलंच नाही, ते आजाराने हिसकावून घेतलं, तर त्याला त्याग कसं म्हणायचं? ते दुखणं आहे. दुखण्याला औषध द्यावं, धीर द्यावा. आणि ते हसण्यावारी नेणारी जीभ आपण मूलेच्या हातातल्या वस्तऱ्यासारखीच चालवतो, हे ध्यानात ठेवावं.

गेल्या संवत्सरीला सगळ्यांना सरसकट मिच्छामि दुक्कडं म्हणून झाल्यावर मी पुतणीला वर गच्चीत बोलावलं. "त्या दिवशी तुझ्या डोक्यावर गंगावन मी लावलं आणि तुला गप्प बसवलं, त्याबद्दल," असं नाव घेऊन क्षमा मागितली. ती म्हणाली, "काकी, पिना फार टोचत होत्या." आणि हसली.

सासूबाई आता औषध लावतात. भांग अजून रुंदच आहे, पण काजळ बंद झालंय. मागच्या रविवारी व्याख्यानाला त्या पहिल्या ओळीत, ट्यूबलाइटखाली बसल्या होत्या. डोक्यावर पदर होता, पण तो कपाळापर्यंत ओढलेला नव्हता.

तर आता दिवाळीनंतर तुमच्यापैकी कुणाचा फोन आला, तर तेलाचं नाव मी सांगणार नाही. मी विचारेन, सगळीकडून गळतायत, भांग रुंद होतोय की गोल पडलाय? तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? रक्त शेवटचं कधी तपासलंस? आणि घरात कुणाला सांगितलंस का? सांगितलं नसेल, तर आधी ते सांग. मग तेलाचं बघू.

जय जिनेंद्र.